उशिरा जन्मलेला डोंगा

मी डोंगा आहे. हसू नका. माझ्याकडे पहिल्यांदा बघणारा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "हे काय हाय बापा? ढोराईची गव्हाण हाय का?" मी गव्हाण नाही. पाण्यावर चालणारा, माणसं वाहून नेणारा, अस्सल सागाचा डोंगा आहे. निदान होतो. सध्या तळ्याच्या काठावर पालथा पडून पाठीवर ऊन घेतो आहे. तुम्ही वाट वाकडी करून इथवर आलाच आहात, तर बसा माझ्यावर. बसलेलं चालतं. पुढं मात्र जाऊ नका. का जायचं नाही, ते सांगतो.

माझं रूप असं चमत्कारिक का, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचं लक्ष तिकडे राहणार नाही. मला घडवलं इंझोरीच्या बदरुद्दीन मिस्त्रीने. बदरुद्दीन म्हणजे बैलगाड्यांचा कारागीर. पंचक्रोशीत त्याच्या हातची गाडी म्हटली की लोक डोळे झाकून विकत घ्यायचे. पण डोंगा त्याने जन्मात पाहिला नव्हता. समुद्र तर आमच्या मुलखापासून इतका लांब, की त्याचं नाव निघालं तरी लोकांना गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं. त्यामुळे झालं काय, त्या बिचाऱ्याने चाकं नसलेली गाडीच केली. तळ सपाट, बाजू सरळ, कोपरे चौकोनी. फटींत कापूस कोंबला आणि वर डांबर फासलं. वऱ्हाडातला डोंगा, त्यात कापूस नसेल तर कसं व्हायचं!

आणखी एक गंमत केली त्याने. सवयीने हात चालत होता, त्या भरात पुढच्या फळीला जू अडकवायचं भोक पाडून बसला. मग कपाळाला हात लावून म्हणाला, "या अल्ला! इसको बैल कौन जोतेगा?" आणि बाभळीची एक जाड खुंटी ताशून, तिला चिंधी गुंडाळून त्या भोकात ठोकून दिली. ती खुंटी म्हणजे माझा जीव. ती निघाली की मी बुडालोच म्हणून समजा.

आता तुम्ही विचाराल, गाडीवाल्याकडून डोंगा करून घ्यायची बुद्धी कुणाला झाली? आमच्या बंजारा तांड्याचा मुखिया सोमला नाईक, त्याला. हसण्यासारखं एवढंच होतं, ते संपलं. पुढचं ऐका.

सोमला नाईकाला एकच मुलगी, रुपा. ती दिली होती अडाण नदीच्या पलीकडच्या तांड्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. दिवस भरत आले तसं नाईकाने गाडी जुंपली आणि तिला आणायला निघाला. पण तो आठवडाभर वर कुठंतरी पाऊस कोसळत होता. अडाण दोन्ही काठ धरून वाहत होती. नाईक अलीकडच्या काठावर गाडी सोडून बसला. पाणी आज उतरेल, उद्या उतरेल. पलीकडच्या काठावरून रुपाचे सासरे हात हलवून काहीतरी ओरडून सांगत, ते पाण्याच्या आवाजात ऐकू येत नसे. शेवटी पाणी उतरलं तेव्हा आणायला रुपा उरली नव्हती. लेकरूही नव्हतं.

तेरावा झाल्यावर नाईक बदरुद्दीनच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मिस्त्री, मले पान्यावर चालनारी गाडी करून दे."

बदरुद्दीनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ज्यातलं काही येत नव्हतं ते काम हातात घेतलं. असा माझा जन्म. ज्या कामासाठी मला केलं, ते काम माझ्या जन्माआधीच संपलं होतं. काय म्हणावं अशा नशिबाला!

मला गाडीत घालून तांड्यावर आणलं, तेव्हा सगळा तांडा बघायला लोटला. नाईकाची बायको कमलीबाई सगळ्यांत शेवटी आली. तिने माझ्या कडेवरून हात फिरवला. हातातल्या बांगड्या माझ्या लाकडाला लागून वाजल्या. "उशीर केला गा तू," एवढंच ती बोलली आणि घरी निघून गेली. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

नदीवर मला कुणी नेलंच नाही. तांड्याच्या मागं हे तळं आहे, ह्यात सोडून दिलं. तळ्याच्या मधोमध ते बेट दिसतं ना, बाभळींनी भरलेलं? पावसाळा सरत आला की त्या बाभळींवर करकोचे उतरतात, बगळे उतरतात, घरटी करतात, पिल्लं वाढवतात आणि थंडी सरताना निघून जातात. तांड्यातल्या बायका म्हणायच्या, लेकी माहेरी बाळंतपणाला आल्या. ती थट्टा नव्हती. लेकी आल्या की तळ्याच्या बाजूला डफ वाजवायचा नाही, बाभळीला कुऱ्हाड लावायची नाही, पाखरावर दगड उचलायचा नाही. बाळंतिणीच्या खोलीशी कुणी गलका करतं का? तसंच हे. ही रीत कुणी घातली ते तांड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडत कुणी नव्हतं.

रुपा गेल्यापासून कमलीबाईने ही राखण स्वतःच्या अंगावर घेतली. पाखरं आली की ती रोज काठावर येऊन बसायची. कुठल्या घरट्यात काय चाललंय ते तिला पाठ. "ते पाह्य, टोकावरची अजून बसूनच हाय. तिची आई असती तं म्हनाली असती, ऊठ माय, जरा पाय मोकळे कर." असं एकटीच बोलायची. मी बाजूला डुलत ऐकायचो. आम्हा दोघांना दुसरं कोण होतं?

पुढं सरकारचं माणूस येऊन पत्र्याची पाटी ठोकून गेलं, इथं शिकारीला मनाई आहे म्हणून. पाटीचा भलताच परिणाम झाला. पाटी वाचून लोकांना कळलं की इथं बघण्यासारखं काहीतरी आहे! रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेला जाणारे लोक वाट वाकडी करून यायला लागले. कारंज्याचे, वाशिमचे लोक मोटारीने सडकेपर्यंत यायला लागले, मग बैलगाडी करून तळ्यापर्यंत. नाईकाचा पुतण्या प्रेमसिंग मोठा हुशार गडी. त्याने मला घासूनपुसून काढलं, एक लांब बांबू घेतला आणि लोकांना तळ्यात फिरवायला लागला. बायकांनी काठावर चुली मांडल्या. ज्वारी पिकली नाही तरी तांडा उपाशी राहणार नाही, असं पहिल्यांदाच झालं.

आणि मी? मी तर हुरळूनच गेलो. माणसं माझ्यात बसत होती, लेकरं पाण्यात हात घालून खिदळत होती, म्हाताऱ्या देवाचं नाव घेऊन माझी कड घट्ट धरत होत्या. कुणी हसलं तरी मी मनाला लावून घेईना. अरे, कामाला आलो ना एकदाचा!

पण माणसाचं समाधान मोठं अवघड. रामनवमीला येणारे विचारायचे, "पाखरं कुठं हायेत?" पाखरं तेव्हा नसायची. मग ज्यांना पाखरं बघायची होती ते दसऱ्याच्या सुमाराला यायला लागले. कमलीबाईला ते मुळीच पटेना.

"लेकी बाळंतीन हायेत अन् तू लोकं आणून राह्यला? काहून?"

प्रेमसिंग म्हणाला, "काकी, दुरून पाहतीन. पाहाले काय जाते? अन् लोकं आले नाई तं आमी खावं काय?"

दोघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत. शेवटी नाईकाने तोड काढली. तळ्यात बेटाच्या अलीकडे एक वाळलेली बाभूळ उभी आहे, पाण्यातच. तिच्यापर्यंत डोंगा न्यायचा. तिच्या पलीकडे नाही. कुणीही असो. दोघांनी मान डोलावली.

चांगली चालली होती ती तोड. पाहुणे कुरकुरायचे खरे. "एवढ्या दूरून आलो, जरा जवळ घ्या की हो!" कुणी टाळ्या वाजवायचा, पाखरं एकदम उडालेली बघायची असायची त्याला. एकदा एक गृहस्थ चावीचा फोनो घेऊन आले, तळ्यात गाणी ऐकायला! प्रेमसिंगने सरळ सांगितलं, "साहेब, बाजा काठावर ठेवा, नाई तं तुमीबी काठावर राहा." माणसं अशी का वागतात, मला कळत नाही. जे शांत असतं म्हणून बघायला येतात, तिथंच येऊन ओरडतात. पण वाळक्या बाभळीच्या पलीकडे एकही पाहुणा गेला नाही. पाखरांनाही सवय झाली. मला बघून मान वर करायची आणि पुन्हा पिल्लांना भरवायला लागायची.

खरं सांगू? मलाही फार वाटायचं, एकदा बेटाला टेकावं. काठ सोडलेल्या डोंग्याला पलीकडचा काठ हवा असतो. मी कायम अर्ध्यातून परत फिरणारा.

मग ती दिवाळी आली.

दिवाळीला लेकीला माहेरी आणतात, चोळी देतात. तांड्यात घरोघरी लेकी आल्या होत्या. आमच्या बंजारा बायकांची रीत तुम्ही पाहिली असेल. लेक किंवा बहीण भेटली की गळ्यात पडून, सूर लावून मोठ्याने रडायचं. त्या रडण्यात सगळं सांगून घ्यायचं, सुख, दुःख, किती दिवस झाले भेट नाही ते. ज्याच्यावर माया जास्त, त्याच्यासाठी सूर मोठा. कमलीबाईच्या गळ्यात पडायला त्या दिवशी कुणी नव्हतं. सकाळपासून ती दारात बसून दुसऱ्यांच्या लेकींचं रडणं ऐकत होती. दुपारी उठली, पेटीतला ठेवणीतला घागरा नेसली, आरशांनी भरलेली ओढणी घेतली, लाह्यांची टोपली आणि चोळीचं कापड घेतलं आणि दोघीतिघी म्हाताऱ्या बायकांना घेऊन तळ्यावर आली.

"चाल प्रेमसिंग. माह्या लेकीईले भेटून येतो."

प्रेमसिंगने बांबू मारला. वाळकी बाभूळ आली तसा त्याने हात आवरता घेतला. "काकी, अथून पुढं नोको ना?"

कमलीबाईला राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एवढं रागावलेलं मी पाहिलं. "मी का पाहुनी हाओ का?" ती म्हणाली. "माय हाओ मी त्याईची. चाल!"

आईला कोण अडवणार? प्रेमसिंगने बांबू मारला. आणि मी, इतकी वर्षं ज्याची आस धरली, त्या बेटाला जाऊन टेकलो.

भर दुपारचं ऊन. चार बायका माझ्यातून उतरल्या. ओढणीवरचे, घागऱ्यावरचे शेकडो आरसे एकदम चकाकले, त्यांचे कवडसे बाभळींवर, घरट्यांवर, पाखरांच्या डोळ्यांत नाचायला लागले. आणि कमलीबाईने हात पसरून, गळा काढून, इतकी वर्षं दाबून ठेवलेला सूर लावला. रुपा गेली तेव्हाही तिने असा सूर लावला नव्हता. बाकीच्या बायकांनी सूर धरला. मायेने धरला हो, मायेनेच!

सगळं बेट एकदम उडालं. आभाळ पांढरं झालं. असं दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. काठावर पाहुणे होते, त्यांनी "वाहवा, वाहवा!" करून टाळ्या वाजवल्या.

पाखरं खाली उतरेनात. वर घिरट्या घालत राहिली. बायकांना वाटलं, लेकी लाजल्या. त्या आणखी आळवायला लागल्या. तोवर घारी आल्या, कावळे आले. अंगावर धड पीस नसलेली पिल्लं, उन्हात उघडी पडलेली. काही घारींनी उचलली, काही घाबरून घरट्याच्या काठावर आली आणि पाण्यात पडली. एक माझ्या तळात येऊन पडलं, लाह्यांच्या टोपलीशेजारी. तेव्हा कुठं कमलीबाईचा सूर थांबला. तिने ते पिल्लू ओढणीत घेतलं. प्रेमसिंगने मला काठाकडे वळवलं. काठाला लागेपर्यंत ते पिल्लू गेलं होतं.

उरलेली पाखरं दोन दिवस बेटावरून फिरली आणि उडून गेली. पुढच्या वर्षी आली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

तांड्यात बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं पाहुण्यांनी घाण केली, कुणी म्हणालं प्रेमसिंगचा लोभ नडला. नाईकाने तर पाहुण्यांची वाटच बंद करायची ठरवली. तेव्हा कमलीबाई सगळ्यांसमोर उभी राहिली.

"पाहुन्याईले बोलू नोका. पाहुने बाभळीपाशी थांबत होते. मी नाई थांबली."

मग ती तळ्यावर आली. मला ओढून वर घ्यायला लावलं. स्वतःच्या हाताने दगड मारमारून ती खुंटी काढली आणि कमरेला खोचली. मला पालथं केलं आणि सगळे निघून गेले.

त्यानंतरची वर्षं काय सांगू? पाखरं नाहीत म्हणून पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत म्हणून चुली नाहीत. प्रेमसिंग हंगामाला कापूस वेचायला दूर जायचा. पत्र्याची पाटी गंजली. माझ्या फटींतला कापूस वाळून गळून पडला, आत मुंग्यांनी घर केलं. पाण्यात जन्म गेलेल्याला पाणी दिसावं आणि लागू नये, ह्याच्यासारखी शिक्षा नाही. तळं समोर आणि मी कोरडा ठणठणीत. कमलीबाई मात्र यायची. माझ्यावर बसून बेटाकडे बघायची. पूर्वी एकटीच बोलायची, आता तेही बोलेना. मला किती वाटायचं, बोल बाई, माझ्यावर ओरड तरी. नेलं तर मीच होतं ना तुला तिकडे! पण माझं ऐकू कुणाला जातं?

नाईक वारले. प्रेमसिंग नाईक झाला. आणि गेल्या की त्याच्या आधीच्या साली, पावसाळा सरताना, बेटावर चार पाखरं दिसली. मग आणखी आली. कमलीबाईने कुणाला सांगितलं नाही. पण पाखरं काय लपतात? पुन्हा लोक यायला लागले. तसा प्रेमसिंग बदरुद्दीनला घेऊन माझ्यापाशी आला. बदरुद्दीन आता म्हातारा झाला होता. त्याने मला ठोकून पाहिलं. "लकडी अच्छी है. नया कपास भरेंगे, चलेगा बेटा," म्हणाला. माझ्या अंगातून कसं वारं गेलं म्हणून सांगू!

प्रेमसिंग कमलीबाईला म्हणाला, "काकी, खुंटी दे. बाभळीच्या पुढं नेनार नाई, तुही आन-शपथ घेतो."

"तू नाई नेनार. पन माह्यासारखी एखादी येईन," ती म्हणाली. "तिले माया आवरनार नाई. पान्यातली बाभूळ कोनाले अडवते? हा डोंगा अथीच राहीन, काठावर. लोकं येतीन, याच्यावर बसतीन, पाहतीन. चुली मांडा, चहा इका, मी नाई म्हनत नाई. याच्या पुढं मात्र कोनी नाई. मीबी नाई."

प्रेमसिंग थोडा वेळ पायाने माती उकरत राहिला. मग बदरुद्दीनला म्हणाला, "चाला मिस्त्री, चहा घेऊ." झालं. ठरलं. मला कुणी विचारलं का? छे! मी आयुष्यात कधी रागावलो नाही एवढा त्या दिवशी रागावलो.

ते दोघं गेले तरी कमलीबाई बसून होती. मग तिने कमरेची खुंटी काढली, माझ्या भोकाला लावली आणि दगडाने हळूहळू आत ठोकली. मला वाटलं, हिचं मन फिरलं! पण तिने माझ्यावर हात ठेवला, पहिल्या दिवशी ठेवला होता तसाच.

"पुरा राह्य रे बापा. अपुरा कायले राह्यतं?" ती म्हणाली. "रुपीपाशी जायाचं होतं, तं जाता नाई आलं. याईच्यापाशी जायाचं नोतं, तं गेलो आपन. आता अथीच बसू. दोघंबी."

माझा राग कुठल्या कुठं गेला. तेव्हापासून आम्ही इथंच बसत होतो, दोघंही. पाहुणे यायचे, हसायचे, गव्हाण म्हणायचे, बसायचे, बघायचे आणि परत जायचे. बेटावर पिल्लं मोठी झाली, उडाली. ती उडून गेली त्या दिवशी कमलीबाई तोंडाला ओढणी लावून रडली, अगदी बिनआवाजाने. सूर लावल्याशिवाय रडणारी आमच्या तांड्यातली ती एकटीच.

ह्या उन्हाळ्यात ती गेली.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. या, जरूर या. तुम्ही आलात की चुली पेटतात, तांड्याची पोरं दूरदेशी जात नाहीत. पोटभर बघा. पण माझ्यापाशी थांबा. जवळ जावंसं वाटेल, आपली माया इतरांपेक्षा खरी आहे असं वाटेल. ते वाटलं की माझ्यावर हात ठेवा आणि बसून राहा. मी आयुष्यभर पोहोचवायचं काम मागत आलो. आता अडवायचं आलंय, तर तेही मन लावून करीन म्हणतो.

आणि हो, ते बघा, टोकाच्या बाभळीवर. आज सकाळीच आल्या. लेकी आल्या हो! हे तिला सांगायचं होतं. ती नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.